न हाताळल्याचा भाव

काळ्या जाड कापडाखाली दोन माणसं डोकी घालून वाकली होती आणि कडेने जांभळट उजेड झिरपत होता. शिकागोच्या एका उपनगरातल्या हॉटेलच्या सभागृहात जुन्या गिटारींचं प्रदर्शन भरलं होतं. रांगेने टेबलं, टेबलांवर उघड्या पेट्या, आणि जवळपास प्रत्येक पेटीत एक पाटी: विचारल्याशिवाय हात लावू नये. "हिरवट आहे. सगळीकडे हिरवट," कापडाखालून आवाज आला आणि बाहेर ताटकळणाऱ्या विक्रेत्याने खांदे सैल सोडले. जुनं नायट्रोसेल्युलोज लॅकर अतिनील दिव्याखाली पिवळट-हिरवं उजळतं. मागाहून कुणी एखादा भाग रंगवलेला असला की तेवढा तुकडा काळपट उठून दिसतो. तसा तुकडा सापडला असता तर किंमत तिथल्या तिथे घसरली असती. पूर्ण गिटार पुन्हा रंगवलेली निघाली तर ती साधारण निम्म्यावर येते. गंमत अशी, की या गिटारीची एकही तार तोवर कुणी छेडली नव्हती.

संपादकांनी या अंकासाठी 'हात बदललेल्या वस्तू' हा विषय सुचवला तेव्हा मला भाच्याची आठवण झाली. तो शिकागोत नोकरी करतो, शनिवारी रात्री तिघांच्या एका छोट्या वाद्यवृंदात जॅझ वाजवतो, आणि बरीच वर्षं एकाच गिटारीच्या मागावर आहे: १९५०च्या दशकातली गिब्सन ईएस-१७५. मी शेजारच्या मिशिगन राज्यात राहते. "मावशी, तू चल बरोबर," तो म्हणाला. "एकटा गेलो तर पहिली दिसेल तीच उचलून आणीन." मला गिटार वाजवता येत नाही. राखणदार म्हणून माझी निवड त्याच गुणावर झाली.

पोकळ पेटीत वीज कशाला?

गिटार हे मुळात हळू आवाजाचं वाद्य. १९२०-३०च्या दशकांत अमेरिकन नाचघरांत पितळी वाद्यांचे मोठे ताफे आले आणि गिटारवाला मागच्या खुर्चीत नुसता ठेका धरून बसू लागला. गिब्सन कंपनीने १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला एल-५ हे मॉडेल आणून कोरीव, फुगीर माथ्याच्या गिटारीला व्हायोलिनसारखी इंग्रजी 'एफ'च्या आकाराची दोन भोकं दिली. तिचा आवाज लांबवर जाई, पण ट्रम्पेटपुढे तोही अपुराच.

१९३६ साली त्याच कंपनीची ईएस-१५० आली. तारांखाली चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं, म्हणजे पिकअप. पोलादी तार थरथरली की वेटोळ्यात क्षीण वीजप्रवाह उमटतो आणि अॅम्प्लिफायर तो वाढवतो. चार्ली ख्रिश्चन हा तरुण १९३९मध्ये बेनी गुडमनच्या ताफ्यात हीच गिटार घेऊन दाखल झाला आणि सॅक्सोफोनच्या बरोबरीने एकेका स्वराची लांबलचक वाक्यं वाजवू लागला. १९४२ साली, अवघ्या पंचविशीत तो गेला. पण तोवर गिटारवाला मागच्या खुर्चीतून पुढे आलेला होता.

विजेबरोबर नवी कटकटही आली. पोकळ पेटी स्पीकरच्या आवाजानेच थरथरते, ती थरथर तारांना पोचते, तारांची पिकअपला, पिकअपची पुन्हा स्पीकरला, आणि क्षणात कान किटवणारी शिट्टी सुरू होते. १९४९ची ईएस-१७५ हे या कटकटीवरचं व्यवहारी उत्तर होतं. तिचा माथा एकसंध लाकडातून कोरलेला नाही; मेपलचे पातळ थर चिकटवून साच्यात दाबून त्याला आकार दिला जाई. असं प्लायवूड स्वस्त पडतं, शिवाय कोरीव स्प्रूसपेक्षा कमी थरथरतं. मॉडेलच्या नावातला आकडा हीच तिची किंमत होती: १७५ डॉलर.

थोडक्यात, आज काचेच्या कपाटात जाऊन बसलेली ही गिटार कंपनीने रोजच्या कमाईचं हत्यार म्हणूनच काढली होती. जॅझमधल्या जो पास, जिम हॉल यांनी तिच्यावर बरंच मोठं काम केलं. रॉक संगीतातल्या स्टीव्ह हाउने १९६४ साली आपली ईएस-१७५ घेतली. शिट्टीचा प्रश्न मात्र पुरता सुटला नाही. १९५८च्या ईएस-३३५मध्ये गिब्सनने पेटीच्या मध्यातून मेपलचा ठोकळा घातला आणि ती अर्धपोकळ केली. बी. बी. किंग यांच्यासारखे वादक एफ-होलमधून कापडाचे बोळे कोंबत. तरीही पूर्ण पोकळ गिटारीचे भक्त उरलेच, कारण तिचा स्वर एकदम फुलतो आणि लगेच विरतो. त्या विरण्यात पुढच्या स्वराला जागा मिळते. भाच्याला हवी होती ती ही जागा.

आरसा, दिवा, टिचकी

जुनी पोकळ गिटार पाहायची तर तिच्या पोटात शिरावं लागतं. भाच्याच्या खिशात दंतवैद्याकडे असतो तसा दांडीचा आरसा आणि बोटाएवढा दिवा होता. आरसा एफ-होलमधून आत जातो आणि माथ्याच्या खालच्या दोन लांब पट्ट्या दाखवतो. या पट्ट्या तारांचा दाब पेलतात. डिंक सुटला असेल तर तिथे केसाएवढी फट दिसते. मग बोटाच्या पेराने माथ्यावर टिचक्या मारत जायचं. घट्ट जागी भरीव आवाज येतो, सुटलेल्या जागी फुटका, चर्र असा.

नंतर ब्रिज. या गिटारींचा लाकडी ब्रिज चिकटवलेला नसतो. तारांच्या दाबानेच माथ्यावर बसलेला असतो. त्याच्या पायांखालून कागद सरकला तर एकतर ब्रिज बदललेला, नाहीतर माथा खचलेला. मग नेक: पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरायची आणि मधे किती अंतर राहतं ते पाहायचं. आतल्या पोलादी सळईने थोडा बाक निघतो. पण नेक पेटीला जिथे मिळतो तिथेच कोन बिघडला असेल तर सांधा वाफेने उकलून नव्याने बसवावा लागतो आणि त्याचा खर्च सौद्यात धरावा लागतो. जॅकच्या भोकाभोवतीही बघायचं. कुणीतरी कधीतरी केबलवर पाय दिलेला असतोच, आणि प्लायवूड तिथे चिरतं.

मग वास. हो, पेटी उघडल्यावर आधी वास घ्यायचा. त्या काळचे पिकगार्ड आणि कडेच्या पट्ट्या सेल्युलॉइडच्या असत. हे प्लास्टिक वय झालं की विघटू लागतं आणि त्यातून आम्लाच्या वाफा निघतात. बंद पेटीत त्या वाफा तारा गंजवतात, सोनेरी मुलामा हिरवा करतात, पिकअपची झाकणं खातात. ग्रेट्श कंपनीच्या ब्रुकलिनमध्ये बनलेल्या सुंदर नारिंगी गिटारींना हे दुखणं फार. त्यांच्या कडा बोट लावताच भुरभुरतात. दिसायला सगळ्यात देखणी गिटार बहुतेकदा दुरुस्तीला सगळ्यात महाग पडते, असं एका दुरुस्तीकाराने आम्हाला हसत हसत सांगितलं. तो स्वतः ग्रेट्श वाजवतो.

पोटातली शाई

वय सांगणाऱ्या खुणा एकमेकींशी जुळतात का, हे बघणं हा खरेदीचा निम्मा भाग. १९५०च्या दशकातल्या ईएस-१७५च्या पोटात, एफ-होलमधून दिसेल असं लंबगोल लेबल असतं. आधी पांढरं, दशकाच्या मध्यापासून नारिंगी. त्यावर 'ए'ने सुरू होणारा क्रमांक. शिवाय लाकडावरच शाईने छापलेला कारखान्याचा एक कामक्रमांक असतो. १९५२ ते १९६१ या काळात त्याच्या सुरुवातीचं अक्षर वर्ष सांगतं, आणि तेही उलट्या क्रमाने: 'झेड' म्हणजे १९५२, 'वाय' म्हणजे १९५३, असं मागे मागे येत 'क्यू' म्हणजे १९६१. लेबल सुटून दुसऱ्या गिटारीत चिकटवता येतं. ही शाई हलवता येत नाही.

तिसरी साक्ष आवाजाच्या बटणांखालच्या पॉटवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागावर, कोरलेली असते. पहिले तीन आकडे उत्पादकाचे: १३४ म्हणजे सेंट्रालॅब, १३७ म्हणजे सीटीएस. पुढचे आकडे वर्षाचे आणि आठवड्याचे. गिटार १९५६ची आणि पॉट १९६८चे निघाले, तर कुणीतरी कधीतरी आत हात घातला आहे. सोल्डरचे थेंबही वाचतात इथले लोक. कारखान्यातला थेंब आता मंद राखाडी पडलेला असतो. चकाकता थेंब दिसला की भाव पाडायला सुरुवात. पोकळ गिटारीत हे पाहणं सोपं नाही, कारण मागे झाकण नसतं. सगळी वायर एफ-होलमधूनच बाहेर ओढावी लागते आणि पुन्हा दोऱ्याने खेचून जागेवर बसवावी लागते. म्हणून मालक नको म्हणतात, आणि म्हणूनच लबाडीला वाव राहतो.

१९६०च्या दशकात हिशेब बिघडतो. गिब्सनने तेच क्रमांक वेगवेगळ्या वर्षांत पुन्हा वापरले. तिथे धातूकडे पाहावं लागतं: १९६५च्या सुमारास निकेलच्या जागी क्रोम आलं. त्याच सुमारास नेकची वरची रुंदी सुमारे ४३ मिलिमीटरवरून ४० वर आली. तीन मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं मला वाटलं होतं. भाच्याने दोन्ही गिटारी मांडीवर घेऊन तोच कॉर्ड धरून दाखवला. दुसरीवर त्याची बोटं एकमेकांवर चढत होती. १९६५च्या अलीकडची आणि पलीकडची गिटार यांच्या किमतीत जी दरी आहे, तिला अशी बोटांची कारणंही आहेत.

स्टिकरखालचा खजिना

प्रदर्शनात एक १९५९ची, दोन पिकअपांची ईएस-१७५ होती. रंग मूळचा, पेचसुद्धा मूळचे, तपकिरी पेटीला आतून गुलाबी मखमल. किंमत पाच आकडी डॉलरांत. भाचा वाजवत असताना विक्रेता शेजारी उभा होता आणि त्याची नजर भाच्याच्या पट्ट्याच्या बकलवर खिळलेली होती.

त्या आकड्याचा मोठा हिस्सा दोन पिकअपांचा. आधीच्या एकेरी वेटोळ्याच्या पिकअपमध्ये विजेच्या दिव्यांची, वायरिंगची गुणगुण शिरत असे. गिब्सनचा अभियंता सेथ लव्हर याने दोन वेटोळी उलट-सुलट जोडली. त्यामुळे बाहेरची गुणगुण एकमेकींना छेदते आणि तारेचा आवाज मात्र दुप्पट होतो. हाच हमबकर. पेटंटसाठी अर्ज १९५५ साली झाला. १९५७पासून हे पिकअप गिटारींत बसू लागले आणि त्यांच्या पाठीवर 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचं बारीक स्टिकर लागलं. त्याच्या आद्याक्षरांवरून बाजारात त्यांना पीएएफ म्हणतात. पेटंट १९५९मध्ये मिळालं तरी स्टिकर १९६२पर्यंत चालू राहिलं. नंतरच्या स्टिकरवर क्रमांक छापला, तोही पिकअपचा नव्हे; लेस पॉल या वादकाच्या टेलपीसच्या (तारांची टोकं अडकवण्याच्या भागाच्या) पेटंटचा!

आज एका अस्सल पीएएफचे काही हजार डॉलर येतात, कारण हेच पिकअप १९५८ ते १९६०च्या, त्याच वादकाच्या नावाच्या सनबर्स्ट लेस पॉल गिटारींत होते आणि त्या गिटारी आता लाखो डॉलरांच्या घरात आहेत. मग ज्याला खरी लेस पॉल परवडत नाही, तो दुसऱ्या गिटारीला अस्सल पिकअप बसवतो. ते आणायचे कुठून? ईएस-१७५च्या पोटातून. कितीतरी पोकळ गिटारी अशा पिकअपांसाठी उघडल्या गेल्या. पिकअप एकाला, टेलपीस दुसऱ्याला, पेटीही वेगळी विकली जाते. सुट्या भागांची बेरीज अख्ख्या वाद्यापेक्षा जास्त भरली की विक्रेता दुसरा विचार करत नाही.

हाच बाजार, जो एका नव्या पेचासाठी भाव पाडतो, तोच नफा दिसला की अख्खी गिटार सोलून काढतो.

पार्सन्स स्ट्रीट

परतताना कॅलामाझू लागतं. डेट्रॉइट आणि शिकागो यांच्या साधारण मध्यावरचं हे शहर. २२५, पार्सन्स स्ट्रीट इथे १९१७ साली बांधलेल्या विटांच्या इमारतीत ईएस-१५०पासून पीएएफवाल्या गिटारींपर्यंत सगळं घडलं. दुसऱ्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले तेव्हा इथली बाकं मुख्यतः बायकांनी चालवली. १९६९नंतर कंपनी नॉर्लिन या उद्योगसमूहाकडे गेली, १९७४मध्ये नॅशव्हिलला नवा कारखाना निघाला, आणि १९८४मध्ये कॅलामाझूचा कारखाना बंद झाला. काही जुन्या कारागिरांना गाव सोडायचं नव्हतं. त्यांनी १९८५मध्ये त्याच इमारतीत, तिथल्याच काही यंत्रांवर, हेरिटेज नावाने गिटारी बनवायला सुरुवात केली.

त्यामुळे एक विचित्र स्थिती आहे. त्याच छताखाली, हाताखाली शिकत आलेल्या परंपरेतून बनलेली हेरिटेजची नवी पोकळ गिटार जुन्या गिब्सनच्या कितीतरी कमी पैशांत मिळते. लाकूड, यंत्र, वास्तू, कौशल्य यांचीच किंमत असती तर असं झालं नसतं. जादा पैसे जातात ते साठ-सत्तर वर्षांत कुणी आत हात घातला नाही, या पुराव्यासाठी.

जुनीच हवी, पण खिसा लहान, अशांनाही वाट आहे. शिकागोत हार्मनी कंपनी डाकेने माल विकणाऱ्या सिअर्ससाठी हजारोंनी गिटारी बनवी. १९६०च्या दशकातली पोकळ हार्मनी रॉकेट आजही हजार डॉलरच्या आसपास सापडते आणि तिचे डीआर्मंड पिकअप खास गोड वाजतात. मेख इतकीच, की बऱ्याच हार्मनींच्या नेकमधली सळई आता फारशी कामाची राहिलेली नसते आणि सांधा नव्याने बसवायचा खर्च गिटारीएवढाच होतो. युरोपात जर्मनीच्या बुबेनरॉइथची हॉफनर आहे. महायुद्धानंतर बोहेमियातून निर्वासित झालेले वाद्यकार या गावात येऊन वसले. त्यांच्या गिटारी ब्रिटनमधल्या १९५०च्या दशकातल्या पोरांची पहिली इलेक्ट्रिक गिटार ठरल्या.

सरहद्द आणि पावसाळा

भाच्याचा बेत पुढेमागे पुण्याला परतायचा आहे. तेव्हा गिटार नेता येईल का, हा प्रश्न आधीच सोडवून ठेवावा लागतो. १९५०च्या दशकातल्या गिब्सनच्या फिंगरबोर्डला ब्राझिलियन रोझवुड असतं आणि ते झाड १९९२पासून, दुर्मिळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या साइट्स कराराच्या पहिल्या, सगळ्यात कडक यादीत आहे. वाद्य त्याआधीचं आहे हे दाखवणारं प्रमाणपत्र नसेल तर ते सीमेवर अडकू शकतं. आपल्या शिसवीसह या कुळातली बाकीची लाकडं २०१७मध्ये दुसऱ्या यादीत आली तेव्हा वाद्यकारांची तारांबळ उडाली. २०१९च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझिलियन रोझवुडला मात्र ती सूट नाही.

शिसवीचा आणि गिब्सनचा आणखी एक संबंध आहे. २०११ साली अमेरिकेच्या वन्यजीव खात्याने गिब्सनच्या कारखान्यांवर छापा घातला तो भारतातून आलेल्या फिंगरबोर्डच्या पट्ट्यांवरून. भारतातून अर्धवट घडवलेलं लाकूड बाहेर नेता येतं की नाही, हा वाद होता. पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि ते भारतीय लाकूड कंपनीला परत मिळालं.

कागद जमले तरी हवा उरते. मिशिगनच्या हिवाळ्यात घरं तापवली की हवा कोरडी ठाक होते, लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं कडेने बोटांना टोचू लागतात. पुण्या-मुंबईच्या पावसाळ्यात उलट. माथा फुगतो, तारा उंच होतात, जुना डिंक मऊ पडतो. चाळीस ते पन्नास टक्के आर्द्रता गिटारीला मानवते. एसी, पेटीतल्या दमटपणा शोषणाऱ्या पुड्या आणि भिंतीवर टांगण्याऐवजी बंद पेटी, एवढं पथ्य पाळलं तर वाद्य टिकतं. ही व्यवस्था गिटारीबरोबरच विकत घ्यायची असते.

सौदा

अखेर गिटार सापडली ती प्रदर्शनात नव्हे, पश्चिम मिशिगनमधल्या एका निवृत्त संगीतशिक्षकाच्या घरी. कामक्रमांकाचं अक्षर 'व्ही', म्हणजे १९५६. तेव्हा हमबकर अजून बसू लागला नव्हता. कारखान्यातून ती एकेरी पी-९० पिकअप घेऊन निघाली होती. मालकाने १९७०च्या दशकात भोक मोठं करवून तिथे हमबकर बसवला. लाकूड कापलं ते कापलं, ते परत येत नाही. खुंट्या बदललेल्या. टेलपीसच्या जागी कधीतरी बिग्सबीचा कंपदांडा होता, त्याची बुजवलेली भोकं स्पष्ट दिसत होती. अतिनील दिव्याखाली नेकच्या मागे काळा पट्टा.

"मी लग्नांत वाजवायचो," मालक म्हणाले. "गुणगुण कोण ऐकून घेणार?" त्यांनी चार हजार डॉलर सांगितले. भाच्याने आरसा घातला, टिचक्या मारल्या. पट्ट्या घट्ट होत्या, नेकचा कोन चांगला होता. फ्रेट मात्र झिजून सपाट झालेले. मग त्याने अर्धा तास वाजवलं, आणि मालक स्वयंपाकघरात जाऊन बसले. राखायला कुणी उभं नव्हतं.

गाडीत मी विचारलं, "एवढं कापलेलं, बुजवलेलं चालतं तुला?"

"मावशी, जिम हॉलची १७५ माहितीये तुला? हॉवर्ड रॉबर्ट्सकडून सेकंडहँड घेतलेली. तिच्यातलाही पी-९० काढून हमबकरच बसवला होता."

मला तिथे सगळ्या बाजाराचा हिशेब उलगडला. ज्या आवाजांमुळे या गिटारी हव्याशा झाल्या, ते आवाज न हाताळलेल्या वाद्यांतून आलेलेच नाहीत. चार्ली ख्रिश्चनच्या हातातली गिटार त्याच्या काळात नवी होती. जॉन लेननने १९६८ साली आपल्या एपिफोन कसिनो गिटारीचा रंग खरवडून टाकला. आपल्याकडे तानपुऱ्याची जवारी दर काही वर्षांनी नव्याने काढतात, आणि त्याने मिरजेच्या जुन्या तानपुऱ्याचं मोल कमी झालं असं कुणी म्हणत नाही. गिटारीच्या बाजाराने मात्र वापराच्या प्रत्येक खुणेला तोटा ठरवलं आहे. संग्राहकासाठी ते ठीक. त्याला पुरावा विकत घ्यायचा असतो. वादकाने त्या नियमाचा फायदा उठवावा. कुणीतरी मोठं केलेलं भोक, बदललेल्या खुंट्या, नव्याने रंगवलेला नेक यांनी आवाजात फारसं बिघडत नाही, पण किंमत निम्म्यावर येते. पैसे घालवू नयेत ते सुटलेल्या पट्ट्यांवर, खचलेल्या माथ्यावर, सडणाऱ्या सेल्युलॉइडवर आणि वाकड्या सांध्यावर, मग लॅकर कितीही हिरवं चमको.

सौदा पावणेचार हजारांवर पटला. दुसऱ्या आठवड्यात गिटार दुरुस्तीच्या बाकावर गेली. झिजलेले फ्रेट १९५६चे, कारखान्यातलेच होते. बदलल्यावर ते पाकिटात घालून देऊ का, पुढे विकताना कामी येतात, असं दुरुस्तीकाराने विचारलं.

"नको," भाचा म्हणाला. "नवे जरा जाड बसवा."